हद्द

लोक तिला डुक्कर म्हणायचे, पुढच्या नाकामुळे.
निवृत्ती खुटवडांनी हा शब्द कधी तोंडात घेतला नाही.
ते म्हणायचे ‘गाडी’,
पुण्यात जणू एकच गाडी.

कागदावर सहा सीट.
बसायचो अकरा.
गुडघ्यांत गुडघे, टपावर टोपल्या,
खुटवडांच्या बाजूला एक जण अर्ध्या मांडीवर, त्याचा अर्धा जीव रस्त्यावर.
मी ससूनची रात्रपाळी संपवून पुलगेटला यायची,
अंगाला डेटॉलचा वास,
समोर वडकीची भामाबाई, मेथीच्या रिकाम्या पोत्यांवर बसलेली.
ती म्हणायची, तुझा वास बरा गं, निदान स्वच्छ तरी.
आणि माझ्या खांद्यावर झोपायची.

खुटवड दोरी गुंडाळायचे, एक पाय टेकवून ओढायचे.
पहिल्या ओढीला खोकला.
दुसऱ्या ओढीला काळा धूर.
तिसऱ्या ओढीला आम्ही सगळे थरथरायला लागायचो,
दात, डबे, कानातली,
बोललेलं वाक्यही तुकड्यातुकड्यांनी पोचायचं.
त्या आवाजात मी एकदा रडले होते,
बारा नंबरचं बाळ गेलं त्या सकाळी.
कोणाला कळलं नाही. सगळेच हलत होते.

मग पुलगेटला पाटी लागली.
सहा आसनींना शहरात बंदी.
खुटवड म्हणाले, ठीक आहे, गाडीतळावरून भरू.
आम्ही गाडीतळापर्यंत लाल बसने, तिथून पुढे ते.
दोन वर्षांनी गाडीतळही शहर झालं.
उड्डाणपूल आला, पुलाखाली शिट्टीवाला आला.
ठीक आहे, भेकराईनगर.
मग मंतरवाडीचा फाटा, कचऱ्याच्या डोंगराचा वारा खात.
त्यांनी कधी हद्द ओलांडली नाही.
हद्दच त्यांच्या मागे चालत आली,
हातात टेप, खिशात चुना.

वडकीला शेवटचा स्टँड, चिंचेखाली.
समोर दिवे घाट.
घाटात शहर चढत नाही, म्हणाले,
पण तोवर सीटाही भरत नव्हत्या.
पोरांच्या हातात स्वतःच्या मोटारसायकली,
मुलींना कंपनीची बस दारात.
चार जण बसून वाट बघायचे, दोन उठून जायचे.
खुटवड फडक्याने काच पुसत राहायचे,
पुसलेलीच.

शेवटच्या दिवशी माझ्याकडे वीसची नोट, भाडं अठरा.
सुटे नाहीत, म्हणाले, उद्या घ्या.
मी म्हटलं, राहू द्या.
नाही नाही, उद्या.
एवढ्या ठामपणे म्हणाले
की मी दुसऱ्या दिवशी खरंच चिंचेखाली गेले.
तिथे ऑइलचा डाग होता, आणि त्यावर एक कुत्रं.

परवा सोनोरीला गेले होते, मावसबहिणीच्या मुलीच्या साखरपुड्याला.
जेवणं चालली होती, जिलबीचा दुसरा वाढप,
आणि मळ्याकडून आवाज आला.
खोकला.
मग एक थांबा.
मग तो थरथराट,
माझ्या हातातली वाटी ताटावर वाजायला लागली, किंवा मला तसं वाटलं.

मी तशीच उष्ट्या हातांनी गेले.
विहिरीच्या काठावर, दगडांवर बसवलेलं इंजिन,
ना नाक, ना टप, ना सीटा,
पट्ट्याने पंपाला जोडलेलं,
आणि पाण्याची धार पाटात पडत होती,
अंजिरांकडे निघालेली.
पलीकडे कापडी टोपीत एक वाकलेला माणूस
दारं धरत होता.
मी ओळख सांगितली नाही.
त्यांनीही फावडं बाजूला ठेवलं नाही.

बराच वेळ माझ्याकडे, माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून
त्यांनी बंडीच्या खिशात हात घातला, चाचपला,
आणि ओशाळून हसले.

सुटे नाहीत, म्हणाले.

बांधाच्या पलीकडे, शेजारच्या रानात,
लाल रंगाचे नवे खुंट रोवले होते,
ओळीने, सरळ,
विमानतळाचे की रिंगरोडचे, कोणाला नक्की ठाऊक नव्हतं.
उद्या येते, मी म्हटलं.
इंजिनाच्या आवाजात ते त्यांच्यापर्यंत
तुकड्यातुकड्यांनी पोचलं असावं.